समोरची बाजू कोण घेणार? फोंडा तालुक्यातल्या एका युद्धप्रसंगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण फोंडा तालुक्यातल्या एका हौशी गटाचे आहे. गाव, माणसे आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे. मी या गटात नव्हतो. जुन्या कपड्यांविषयी काही विचारायला त्यांच्यातले सर माझ्याकडे आले, मग बैठकांना बसू लागलो, एवढाच माझा संबंध.

गटात तीन प्रकारची माणसे होती. पहिली नाटकवाली. गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात ऐतिहासिक नाटक होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. दिवसा बँकेत किंवा गॅरेजमध्ये काम करणारा माणूस रात्री औरंगजेब होतो आणि पहाटे मिशी उतरवून घरी जातो. दुसरी, सुट्टीच्या दिवशी किल्ले हिंडणारी मुले. ती लाठी आणि फरीगदका शिकलेली होती, दोघांना दांडपट्टाही बऱ्यापैकी येत होता. तिसरे, उच्च माध्यमिकमधून इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे सर म्हणतात, इथेही तेच म्हणू. सरांमागून त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. तिसवाडीतला, ख्रिस्ती, घरचा धंदा सुतारकामाचा.

ठिणगी पडली ती परदेशातल्या चित्रफितींमुळे. इंग्लंडमध्ये 'सील्ड नॉट' ही संस्था १९६८ पासून तिथल्या सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या लढाया मैदानावर उभ्या करते. २०१५ साली वॉटर्लूच्या लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा हजारो हौशी माणसे त्या काळचे गणवेश घालून बेल्जियममध्ये जमली होती. शिपाई कसा राहत होता, काय खात होता, बंदूक कशी भरत होता, हे स्वतः करून बघायचे आणि लोकांना दाखवायचे, असा हा छंद. मुलांनी ते पाहिले आणि म्हणाली, आपल्याकडे फोंड्याचा वेढा आहे की!

प्रसंग कोणता

हा वेढा १६८३ चा. त्या साली फोंडा पोर्तुगिजांकडे नव्हता. त्यांचा गोवा म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि साष्टी; फोंडा महाल त्यांच्या राज्यात गेला तो १७६३ मध्ये. शिवाजी महाराजांनी १६७५ साली फोंड्याचा किल्ला आदिलशाहीकडून घेतला होता, आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पोर्तुगीज सरहद्दीला टेकलेले मराठ्यांचे ठाणे होता. उत्तरेत मराठ्यांनी चौलला वेढा घातला. त्याला उत्तर म्हणून व्हिसेरेई (पोर्तुगीज व्हाइसरॉय), म्हणजे आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्कु द ताव्होरा, दुर्भाटला उतरून फोंड्यावर चालून आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोफांनी तटाला भगदाड पडले. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी लढत होते. कृष्णाजी जबर जखमी झाले आणि त्या जखमांनीच गेले. संभाजी महाराज स्वतः कुमक घेऊन पोहोचले तेव्हा व्हिसेरेईने वेढा उठवला आणि फौज पाठीमागे नेली.

तेवढ्यावर ते थांबले नाही. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठे जुवे बेटावर, म्हणजे सांत इस्तेव्हला, उतरले आणि तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी तो सोडवायला व्हिसेरेई स्वतः गेला; हरला आणि जखमी होऊन परतला. तेव्हाच्या राजधानीपासून, म्हणजे जुन्या गोव्यापासून, हाकेच्या अंतरावर मराठे आले होते. पुढे डिसेंबरात मराठी फौजा साष्टी आणि बार्देशात शिरल्या. शाह आलमची मुघल फौज घाटाखाली येते आहे असे कळल्यावर त्या मागे वळल्या.

यातले बरेचसे आपल्याला पोर्तुगीज दफ्तरांमुळे कळते. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी ती कागदपत्रे आयुष्यभर चाळली, म्हणून तारखांपर्यंत बोलता येते. मराठी बाजूचे समकालीन लिखाण या मोहिमेबद्दल तुटक आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार महाग पडला.

अडचण

गटाची पहिली योजना अशी: २४ नोव्हेंबर, स्थळ जुवे बेट, रात्री मशालींच्या उजेडात खाडी ओलांडणे आणि किल्ला सर करणे. कागदावर फारच देखणी. ओहोटीचे वेळापत्रकसुद्धा काढून झाले होते.

ती मोडली सुताराच्या एका वाक्यावर. तो म्हणाला, "सर, चोवीस तारखेला नोव्हेना सुरू होते."

सायबाचे, म्हणजे सांव फ्रान्सिस झेव्हियरचे, फेस्त ३ डिसेंबरला. त्याआधीचे नऊ दिवस जुन्या गोव्याला नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना, म्हणजे २४ नोव्हेंबर हा पहिला दिवस. हे गोव्यातल्या कोणालाही माहीत असते, फक्त तारीख ठरवताना ते कोणाच्या डोक्यात आले नव्हते. आणि हा नुसता तारखांचा योगायोग नाही. जुवे पडल्यावर राजधानी हातची जाणार अशी धास्ती बसली, तेव्हा व्हिसेरेईने बॉम जेझूच्या चर्चमध्ये जाऊन सांव फ्रान्सिस झेव्हियरच्या शवपेटीत आपला अधिकारदंड ठेवला आणि राज्य सायबाच्या हवाली केले, ही हकीकत गोव्यात जवळजवळ साडेतीनशे वर्षे सांगितली जाते. मराठे मागे गेले ते सायबाच्या कृपेने, असे तिकडची स्मृती म्हणते. मुघल फौजेमुळे गेले, असे इतिहास म्हणतो. म्हणजे फोंड्याच्या पोरांना जी पराक्रमाची रात्र वाटत होती, तीच रात्र खाडीपलीकडच्या गावात संकटाची आणि सुटकेची म्हणून आठवली जाते. त्या किल्ल्याच्या अवशेषांपाशी आज येशूचा पुतळा उभा आहे. तिथे रात्री मशाली घेऊन 'किल्ला सर' करायचा म्हणजे नेमके काय दिसेल, याचा विचार करायला सांगणारा माणूस गटात होता म्हणून बरे.

दुसरी अडचण तितकीच जुनी आणि जगभरची: समोरच्या बाजूने कोणी उभा राहीना. भूमिका वाटायला बसले तेव्हा मावळे व्हायला सगळे तयार. फिरंगी व्हायला एकही हात वर नाही. शेवटी कोणीतरी सुताराकडे बघून हसत म्हणाले, "तू हो ना पोर्तुगीज, तुला शोभेल." तो हसला नाही. बैठक तिथेच जवळजवळ संपली.

मला विचाराल तर प्रकरणाचा खरा गाभा हा क्षण आहे. शस्त्रे, परवानग्या, पैसे हे सगळे सुटण्यासारखे असते. पण शत्रू कोण, हे ज्या गटाने आधी ठरवले नाही तो गट ते नकळत ठरवतो, आणि मग शेजारी बसलेल्या माणसाला ते ठरवलेले सहन करावे लागते.

पर्याय

महिनाभरात चार मार्ग पुढे आले.

पहिला, योजना तशीच ठेवायची, फक्त तारीख पुढे न्यायची. नाटकवाल्यांना हा पसंत होता; त्यांच्या मते लोक येतात ते महाराजांना बघायला.

दुसरा, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या कार्यक्रमात वीस मिनिटांचे प्रात्यक्षिक करायचे. पैसा, मंडप, ध्वनिक्षेपक सगळे आयते मिळणार होते. एका स्थानिक पुढाऱ्याने तशी तयारी दाखवली. अट एवढीच की प्रसंग मिरवणुकीला जोडायचा आणि शेवटी त्याचे भाषण.

तिसरा सरांचा: लढाई दाखवायचीच नाही. छावणी लावायची. एका बाजूला किल्ल्यातली शिबंदी, दुसऱ्या बाजूला वेढा घालणाऱ्यांचा तळ. लोकांनी दोन्हीकडे हिंडावे, शिपायांशी बोलावे, शस्त्र हातात घेऊन बघावे. ठरावीक वेळी बंदूक भरण्याची कवायत आणि भगदाडावरची एक छोटी चकमक, बस्स.

चौथा होता घोडेमोडणीचा, आणि तो कोणी पुढे आणला तर किल्ले हिंडणाऱ्या पोरांनी. खरे घोडे परवडणारे नव्हते आणि गर्दीत सुरक्षितही नव्हते. सत्तरी-डिचोलीकडे शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन, ढोलताशांवर नाचतात. गोव्याची स्वतःची युद्धस्मृती म्हणावी अशी ही गोष्ट. तिचे पथक आणावे, म्हणजे घोडदळाची सोय होईल. पोरे एका गावात विचारायला गेली. तिथल्या म्हाताऱ्या जाणत्याने चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाबांनो, ते देवाचं आहे. आमच्या गावात शिगम्याला घोडे निघतात, मधेच नाही निघत." शहरातल्या मिरवणुकांमध्ये घोडेमोडणी होते हे त्यालाही माहीत होते. त्याच्या गावाचा नेम मात्र तो होता. पोरांनी वाद घातला नाही आणि पर्याय तिथेच मिटला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत सभ्य वाटलेला नकार हाच.

कसा निर्णय झाला

सरांचा मार्ग निवडला गेला, पण सरांच्या युक्तिवादामुळे नाही. सुताराने दुसऱ्या बैठकीला एक प्रश्न आणला. व्हिसेरेईच्या फौजेत गोरे शिपाई किती होते? सरांनी वाचले होतेच. त्यांनी सांगितले की फौजेचा मोठा भाग इथल्याच लोकांचा होता, साष्टी-बार्देश-तिसवाडीतून उभा केलेला. आणि किल्ल्यात? किल्ल्यातही देशावरून आलेल्यांबरोबर कोकणातले बंदूकची असणार. दक्षिण कोकणातले हेटकरी नेमबाज म्हणून मराठी फौजांत नावाजलेले होते.

"म्हणजे खंदकाच्या दोन्ही बाजूंना आमचेच पणजोबा," सुतार म्हणाला. "मग मी पोर्तुगीज कशाला होऊ? मी साष्टीचा गांवकार होतो. धरून आणलेला."

त्यावर लगेच दोघांनी सांगितले, मग आम्हीही तिकडे येतो. धरून आणलेला माणूस व्हायला कोणाला अडचण नव्हती. भूमिकेची वाटणी जी आठवडे अडली होती ती त्या संध्याकाळी झाली. गोरे शिपाई म्हणून दोनच जण ठेवले, एक तोफखान्याचा आणि एक हवालदार, आणि त्या भूमिका नाटकवाल्यांतल्या सर्वांत अनुभवी जोडीने घेतल्या. खलनायक करायचा नाही, थकलेला शिपाई करायचा, असे त्यांना बजावले होते. हे त्यांना अवघड गेले. जन्मभर राक्षसी हास्य करत आलेल्या माणसाला 'नुसता बसून बूट दुरुस्त कर' म्हणून सांगणे म्हणजे चेष्टाच.

तारखेसाठी सर आणि सुतार मिळून जुव्याजवळच्या एका फादरना भेटले. गटातल्या काहींना हे पसंत नव्हते. 'आपला इतिहास दाखवायला त्यांची परवानगी कशाला?' असा सूर निघाला. सरांनी सांगितले की परवानगी नव्हे, विचारपूस. फादरनी कोकणीत मोकळेपणे बोलून घेतले. ते म्हणाले, फोंड्यात करताय तर मी कोण अडवणारा? फक्त सायबाच्या फेस्ताचे दिवस टाळा, आणि इगर्जीतला (चर्चमधला) कोणी माणूस सोंग म्हणून आणू नका. दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. जुवे सोडून फोंड्याचा वेढाच घ्यायचा, आणि तोही नोव्हेंबरात नव्हे तर जानेवारीत, भात कापून झालेल्या एका खासगी शेतात. संरक्षित वास्तूत किंवा तिच्या आवारात काही उभारायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि ती वेळेत येईल याची खात्री नसते. खासगी जागेचा तो फायदा. शेतमालकाची एकच अट, बांध मोडायचे नाहीत.

शस्त्रे आणि कपडे

इथे गटाने खरोखर अभ्यास केला, म्हणून थोडे सविस्तर.

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा स्वतंत्र वर्ग आहे. बोथट केलेली तलवार त्यात बसते की नाही, यावर पोलीस चौकीत उभे राहून वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून चकमकीसाठी पोलाद नाहीच असे ठरले. फरीगदका वापरला: चामडे मढवलेली काठी आणि चामड्याची छोटी ढाल, जी मर्दानी खेळात सरावासाठीच असते. भाल्याच्या जागी बोथाटी, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. दोन धोप आणि एक फिरंग, म्हणजे सरळ पात्याच्या तलवारी, तिन्ही बिनधारेच्या, छावणीत टेबलावर बांधून ठेवल्या. बघायच्या, उचलायच्या नाहीत. फिरंगेचे पाते युरोपातून येई आणि मूठ इथे बसवली जाई, हे ऐकून लोक चकित व्हायचे. मराठी सरदाराच्या कमरेला पोर्तुगीज व्यापारातून आलेले पाते असू शकते, ही गोष्ट दहा भाषणांपेक्षा जास्त काम करून गेली.

बंदुका सुताराने केल्या, फणसाच्या लाकडाच्या, नळीच्या जागी रंगवलेला पाइप. दारू अजिबात नाही. पोकळ बार काढायचा म्हटले तरी स्फोटकांचे परवाने आले, आणि परदेशातल्या अनुभवी गटांचेही अपघात बंदुकीच्या बाबतीतच होतात. तिकडे कित्येक गटांत रांगेत उभे राहून बार काढताना गज, म्हणजे नळीत दारू ठासायची सळई, वापरायला मनाई असते. गडबडीत गज नळीतच राहिला तर तो बाणासारखा सुटतो. आपल्या पोरांनी गज ठेवला, कारण बार निघणारच नव्हता, आणि भरण्याची कवायत गजाशिवाय अपुरी वाटते. खरी ठेवली ती फक्त जामगी. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, न विझता धुमसत राहणारी. तिचा वास आणि लाल टोक पुरेसे होते. जामगी हातात, दारूची शिंगडी कमरेला, आणि दोन्ही एकमेकांना लागू द्यायच्या नाहीत: तोड्याच्या बंदुकीचा शिपाई किती जिवावर उदार होऊन उभा असे, ते प्रेक्षकांना न सांगता कळले. एक बार भरायला लागणारा अर्धा मिनिट बघताना शेतात शांतता पसरायची.

कपड्यांत मात्र भांडण झाले. नाटकाच्या ड्रेपरीत, म्हणजे भाड्याने कपडे देणाऱ्यांकडे, मावळ्याचा कपडा म्हणजे चकचकीत साटीन, आणि फिरंगी म्हणून लाल कोट मिळतो, जो इंग्रज, फ्रेंच आणि पोर्तुगीज तिघांनाही चालतो. वर पत्र्याचे शिरस्त्राण, ते बहुधा रोमन. सरांचा आग्रह खादी किंवा हातमागाच्या सुती कापडाचा: गुडघ्यापर्यंत चोळणा, साधी बाराबंदी, पागोटे, अंगावर घोंगडी. वेढेकऱ्यांत स्थानिक माणसांना लंगोटी-पंचा आणि अंगावर पट्टा, गोऱ्या दोघांना रुंद काठाची टोपी, ढगळ कोट, गुडघ्याखाली बांधलेली विजार. शिवणकाम गटातल्या एका ताईंनी केले. त्यांनी दोनदा विचारले की बायका या छावणीत नव्हत्या का. फौजेमागे बाजारबुणगे असत, धान्य-पाणी आणणारे असत, हे सरांनाही मान्य होते. तरी ताईंना अंगरखे शिवण्यापलीकडे भूमिका मिळाली नाही. चष्मे काढायचे का, यावर मात्र दोन बैठका झाल्या.

नावे घ्यायची की नाही

सर्वांत मोठा निर्णय शेवटी आला आणि सर्वांत जास्त दुखावून गेला. नाटकवाल्यांच्या म्होरक्याने कृष्णाजी कंकांचा मृत्यूप्रसंग लिहून आणला होता. चांगला लिहिला होता, हे आधी सांगितले पाहिजे. बाप भगदाडापाशी लढतोय, मुलगा कोसळतो, मग पान-दीड पानाचे संभाषण.

सरांनी विचारले, हे शब्द कुठून आणले?

"सर, नाटकात असतातच शब्द."

"हे नाटक नाही ना पण. आपण लोकांना सांगतोय की असं घडलं."

सरांची भूमिका अशी होती की येसाजी आणि कृष्णाजी लढले, कृष्णाजी जखमांनी गेले, एवढेच ठाऊक आहे. त्यांच्या तोंडी एक वाक्यही घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून नावाची एकही भूमिका ठेवायची नाही. ना येसाजी, ना व्हिसेरेई, ना महाराज. सगळे बिननावाचे शिपाई. कंक पितापुत्रांची हकीकत निवेदकाने सांगायची. म्होरक्याचे म्हणणे वेगळे: जत्रेच्या नाटकात पिढ्यान्‌पिढ्या आपण महाराजांना बोलते केले, कोणी खोटेपणा म्हटले नाही; मग आताच हा सोवळेपणा का?

दोघांच्या बोलण्यात तथ्य होते. रंगमंचावर प्रेक्षकाला माहीत असते की पडद्यामागे नट आहे. शेतात, चुलीशेजारी बसलेला शिपाई तोंडावर येऊन बोलतो तेव्हा ती जाणीव पुसट होते, म्हणून तिथे मनगढंत संवाद जास्त धोक्याचे. मी सरांच्या बाजूचा. पण म्होरक्याला हे मतदानाने सांगायची गरज नव्हती. मतदान झाले, तो हरला, आणि त्याच्याबरोबर तिघे गेले. पुढाऱ्याची मदत याआधीच नाकारली होती; आता ध्वनिक्षेपकही गेला, कारण तो म्होरक्याच्या मेहुण्याचा होता.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी छावणी उत्तम चालली. तांदळाची पेज मडक्यात शिजत होती आणि वेढेकऱ्यांच्या तळावर सुकी मासळी भाजत होती, त्यामुळे गर्दी साहजिकच तिकडे जास्त. सुतार आपल्या पडावावर बसून येणाऱ्याला कोकणीत सांगत होता की त्याला गावातून कसे उचलून आणले, भात झोडायचे राहिले, आणि कॅप्टन आपल्याशी बोलतो ते त्याला अर्धेच कळते. लहान मुले त्याला सोडेनात. 'तू पळून का जात नाहीस?' असे एका मुलीने विचारले तेव्हा त्याने सरांकडे बघितले. सरांनी खांदे उडवले.

दुपारची चकमक मात्र घसरली. ठरलेली होती आठ मिनिटांची. भगदाड म्हणून मातीच्या पोत्यांची भिंत होती. वेढेकरी चढणार, ढकलले जाणार, तीन जण पडणार, माघार. प्रेक्षक शिट्ट्या मारू लागल्यावर वरचे मावळे पेटले. पडायचे होते त्यांतला एकही वरच्या बाजूचा पडला नाही, हे या छंदात सगळीकडेच होते म्हणतात. खाली वेढेकरी मात्र इमानाने दोन-दोनदा मेले. एका मुलाच्या अंगठ्यावर गदका बसून तो सुजला. दुसरा उन्हात घोंगडी पांघरून उभा राहिल्याने चक्कर येऊन बसला. जानेवारी झाला म्हणून गोव्यातले दुपारचे ऊन काही थंड होत नाही. थांबवण्याची शिट्टी सरांकडे होती, पण सर त्या वेळी निवेदन करत होते, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय, घसा फोडून.

आणि प्रेक्षकांतून आवाज आला, "महाराज कुठे आहेत?" पुन्हा पुन्हा आला. काही लोक रागावून निघून गेले. एकाने जाताना म्हटले, पोर्तुगिजांना पेज वाढायला बोलावलंत काय?

परिणाम

कोणाला मोठी इजा झाली नाही, तक्रार झाली नाही, बांध शाबूत राहिले. जुव्याकडची दहा-बारा माणसे बघायला आली होती, ती शेवटपर्यंत थांबली. दोन शाळांनी छावणीचा भाग, म्हणजे चकमक वगळून, शाळेत करून दाखवायला बोलावले. पैसे मात्र तुटले. कापडाचा खर्च निघाला नाही आणि तो ताई आणि सर यांनी आपापसांत भागवला, जे बरोबर नव्हते.

म्होरक्याने पुढच्या जत्रेत कृष्णाजी कंकांचा प्रवेश रंगमंचावर केला. मी बघितला. लोक रडले.

वेगळे काय करता आले असते

सुरक्षेची जबाबदारी अशा माणसाकडे हवी ज्याला त्या दिवशी दुसरे काहीच काम नाही. निवेदक, दिग्दर्शक, सर, कोणीही नको. शिट्टी वाजली की सगळे जागीच बसले पाहिजेत, आणि याचा सराव चकमकीच्या सरावाहून जास्त हवा. कोण कधी पडणार हे नावानिशी ठरवून, ज्याने ते पाळले नाही त्याला पुढच्या खेपेस वेढेकऱ्यांत टाकणे, हा सुताराने सुचवलेला उपाय मला सोपा आणि परिणामकारक वाटतो.

म्होरक्याला गमावणे टाळता आले असते. संध्याकाळी छावणी आवरल्यावर, जागा बदलून, दिवे लावून, 'आता नाटक बघा' असे स्पष्ट सांगून त्याचा प्रवेश करता आला असता. ज्यांना महाराज बघायचे होते तेही थांबले असते. हे कोणाला सुचले नाही, कारण वाद तोपर्यंत खरेखोटे यावर न राहता कोणाचा गट मोठा यावर गेला होता.

एका बाबतीत माझे आणि सरांचे अजून जुळलेले नाही. वेढ्यानंतरच्या डिसेंबरात साष्टी-बार्देशात काय झाले, लूट, जाळपोळ, इगर्ज्यांचे नुकसान, याचा त्या दिवशी उल्लेखही नव्हता. मैदानावर ते करू नये हे मलाही पटते. कोणाचे घर जळतानाचे सोंग कोणी करू नये. पण माहितीच्या फलकावर चार ओळी हव्या होत्या. फलक वेढा उठला तिथेच संपत होता, आणि जुव्याहून आलेल्या एका आजोबांनी तो वाचून शांतपणे विचारले, "मागीर?" म्हणजे, मग पुढे? त्यांना उत्तर द्यायला जवळ कोणी नव्हते. सर म्हणतात, एका दिवसात एक प्रसंग. पुढचे लिहिले असते तर पेज आणि मासळी एकाच शेतात शिजली नसती. असेलही. पण मग धरून आणलेल्या साष्टीच्या गांवकाराची गोष्ट अर्धीच राहते, कारण तो घरी परतला तेव्हा त्याच्या गावात मराठी फौज येणार होती.

सध्या गट लहान झाला आहे. शाळांसाठीची छावणी चालू आहे, त्यात पाणी भरणाऱ्या बाईची भूमिका ताईंनी स्वतः लिहून घेतली आहे. फलकाचा नवा मसुदा सुताराकडे आहे. मराठी आणि कोकणी दोन्हींत करायचा असे ठरले आहे, आणि डिसेंबरच्या ओळींवर अजून घासाघीस चालू आहे.